पातेरा ओढणारं घरगुती यंत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर तालुक्यातलं आमचं घर. पुढे अंगण, मागे नारळ-पोफळीचं आगर, बाजूला तीन आंबे, एक फणस आणि कौलांवर वाकलेला काजू. दिवाळी सरली की पातेरा, म्हणजे झडलेली सुकी पानं, पडायला लागतो तो थेट मृगापर्यंत. दोन वर्षांपूर्वी भंगारातला एक ब्लोअर आणून मी पातेरा ओढणारं यंत्र जुळवलं. त्याची भूक बघून घरात त्याला 'भस्म्या' म्हणतात. आल्यागेल्यांनी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. त्यातली दोन-तीन उत्तरं मी तेव्हा ठासून चुकीची दिली होती, ती इथे सुधारली आहेत.

खराट्याने काय बिघडलं होतं?

काहीच नाही. आईचं आजही तेच म्हणणं आहे: "झाडायचा कंटाळा, म्हणून एवढं सोंग!" हिराच्या खराट्याला तोड नाही, पण तो पातेऱ्याचा ढीग करतो, ढीग उचलत नाही. कमरेत वाकून डालग्यात भरायचा, परसात नेऊन ओतायचा आणि तोवर वाऱ्याने अर्धा परत अंगणात. माझी कंबर तिथेच गेली. शिवाय कौलांच्या पन्हळीत आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, खाचांत खराटा पोचत नाही. आम्ही अजूनही झाडतो खराट्यानेच, उचलतो फक्त यंत्राने.

जुना ब्लोअर कुठे शोधायचा? कुठला घ्यायचा?

सुतारकामाच्या कारखान्यात रंध्याखालचा भुसा ओढायला ब्लोअर असतो. तो मिळाला तर अर्धं काम झालं. गोगलगाईच्या शंखासारखं पत्र्याचं घर, आत पात्यांचं चाक, मधोमध ओढणारं तोंड, कडेला फेकणारं तोंड. माझा चिपळूणच्या एका भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळाला. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात बुडालेला होता आणि शंखात वाळलेला गाळ तसाच होता.

घेताना दोन गोष्टी बघा. मोटरच्या पाटीवर मिनिटाचे फेरे २८०० च्या आसपास हवेत, १४०० चे नकोत. आणि पाती सरळ, जाड, फळीसारखी हवीत. बारीक वळणदार पात्यांच्या चाकात नारळाचा काथ्या असा अडकतो की विळ्याने कापून काढावा लागतो.

भात उफणायचा पंखा पडून आहे. त्याचं होईल का?

नाही. हे विचारणारे सगळ्यात जास्त, आणि मीही पहिला प्रयोग त्याच्यावरच करून एक शनिवार घालवला. उफणणीचा पंखा, एक्झॉस्ट पंखा, टेबलफॅन हे सगळे पुढच्या मोकळ्या हवेला ढकलतात. वारा भरपूर, पण दाब जवळजवळ शून्य. मागे दहा फूट पाइप जोडला की पंखा नुसता गरगरतो. शंखाच्या ब्लोअरमध्ये हवा मधून येते, पात्यांबरोबर फिरून कडेला फेकली जाते आणि मधे जी पोकळी पडते ती पाइपातून ओढते.

लोहाराच्या भट्टीचा ब्लोअर त्याच जातीचा आहे, पण तोंड दोन-तीन इंचांचं. फणसाचं एक पान आडवं आलं की संपलं.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर?

त्याची ओढ जबरदस्त, पण पाइप दीड इंचाचा आणि हवा थोडी. आणखी एक भानगड अशी की त्याची मोटर ओढलेल्या हवेनेच थंड होते. तोंड बोळ्याने बंद झालं की हवा थांबते, मोटर तापते आणि करपल्याचा वास येतो.

मग ब्लोअरचं तोंड तुंबलं तर त्याचीही मोटर जळणार ना?

मीही पूर्वी 'हो' म्हणायचो. ते चूक होतं. सरळ पात्यांच्या ब्लोअरमध्ये उलट घडतं. तोंड बंद केलं की पात्यांना ढकलायला नवी हवा येत नाही, मोटरवरचा भार कमी होतो आणि आवाज बारीक चढतो. मोटरला स्वतःचा मागचा पंखा असतो, त्यामुळे ती थंडही राहते. भार सर्वांत जास्त येतो तो पाइप न लावता उघड्या तोंडाने चालवल्यावर. चिमटा-मीटर (वायरीभोवती धरून वीज मोजणारा) लावून बघा, पटेल. माझ्याकडे उघड्या तोंडाने ९ अँपिअरच्या वर गेला, हाताने तोंडावर फळी धरल्यावर ५ वर आला.

पुरात बुडालेली मोटर खरंच परत चालते?

चालते, पण घाई केली तर पहिल्याच मिनिटात मरते. लोक काय करतात, वरून पुसतात, उन्हात दोन दिवस ठेवतात आणि 'बघू तरी' म्हणून प्लग लावतात. आत गुंडाळीच्या फटींत ओल असते, वीज तिथूनच वाट काढते.

मी केलं ते असं. मोटर पूर्ण उघडली. आधी गोड्या पाण्याने धुतली. हो, धुतली. गाळ तसाच ठेवून वाळवलं तर तो पक्का बसतो आणि पुढे दमट हवेतली ओल धरून ठेवतो. मग एका पत्र्याच्या डब्यात ठेवून शेजारी जुन्या पद्धतीचे १०० वॅटचे दोन बल्ब लावले, वर एक फट वाफ जायला. हात जेमतेम टेकवता येईल इतकी ऊब, चार दिवस. रोज संध्याकाळी वायरमन मित्र मेगर घेऊन यायचा. हे यंत्र गुंडाळी आणि लोखंडी अंग यांच्यातला रोध मोजतं. पहिल्या दिवशी ०.२ मेगओम, म्हणजे जवळजवळ ओली. चौथ्या दिवशी २० च्या पुढे. एकाच्या खाली असेल तर वीज द्यायचीच नाही. नंतर गुंडाळीला व्हार्निश पाजलं, पुन्हा एक दिवस बल्ब.

बेअरिंग कितीही चांगली फिरताना दिसली तरी बदलायची. गाळ तिथे जातोच. नंबर कडेवर कोरलेला असतो, माझा ६२०४ होता. दुकानात रबरी झाकणाची मागा, पत्र्याच्या झाकणाची नको, कारण आमची जमीन पुळणीची आहे आणि बारीक वाळू सगळीकडे शिरते. कपॅसिटरही नवा घातला. एवढं करूनही गुंडाळी जळालेली निघाली असती तर रिवाइंडिंगला दिली असती. सुदैवाने ती वेळ आली नाही.

किती एचपीची मोटर हवी?

माझी दीड एचपीची आहे, चाक बारा इंचांचं. अंगणाला पुरते. मुंबईहून आलेला आतेभाऊ म्हणाला, "तीन एचपी टाक ना!" पण खरा खेळ फेऱ्यांचा असतो. त्याच चाकाला २८०० ऐवजी १४०० फेऱ्यांची मोटर लावली तर हवा निम्मी होते, ओढ चौथ्या हिश्शावर येते आणि मोटरवरचा भार आठव्या हिश्शावर. हेच उलट वाचा. फेरे दुप्पट करायचे म्हटलं तर आठपट ताकद लागते. म्हणून पुली बदलून वेग वाढवण्याच्या फंदात पडू नका. चाक त्या वेगासाठी बनवलेलं नसतं आणि फुटलं तर पत्रा थेट पोटऱ्यांकडे येतो.

पाइप किती इंची?

यावर सगळं यंत्र उभं आहे, म्हणून जरा सविस्तर.

सुकं पान पाइपातून खाली न बसता जायचं तर हवेचा वेग सेकंदाला १५ ते २० मीटर हवा. सहा इंची पाइपात २० मीटरचा वेग ठेवायचा तर तासाला सुमारे १३०० घनमीटर हवा लागते. आठ इंचीला तीच २३०० वर जाते, ती माझ्या ब्लोअरच्या आवाक्याबाहेर. चार इंचीला ६०० पुरते, पण आंब्याचं पान वीतभर लांब आणि चिवट असतं, पाइपाच्या बाकावर, म्हणजे वळणावर, आडवं बसतं.

मी १६० मिलिमीटरचा सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप घेतला, आतून सहा इंच भरतो. आधी ११० चा लावला होता, कारण तो घरात पडलेला होता. पहिल्या तासात सात वेळा तुंबला. कारण बाक. काटकोनी बाक वापरूच नका. दोन अर्धे बाक मधे फूटभर पाइप घालून जोडा. हातात धरायचं टोक लवचिक हवं. विहिरीच्या पंपाचा हिरवा नालीदार पाइप चालतो, पण आतली नाली पानं अडवते, म्हणून तो सहा-सात फुटांपेक्षा लांब नको. माझी एकूण लांबी १८ फूट. त्यापुढे प्रत्येक फुटाला ओढ कमी होताना हाताला कळते.

सांध्यांतून हवा गळते का ते बघायला अगरबत्ती पेटवून सांध्याभोवती फिरवा. धूर आत वळला की तिथे गळती. सायकलची जुनी ट्यूब कापून ताणून गुंडाळली की झालं.

ओढ मोजायची कशी?

पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर ठोका, अर्धी पाण्याने भरा, एक टोक पाइपाला भोक पाडून जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे ओढ. माझी पूर्ण बंद तोंडावर १३ सेंटिमीटर भरते. पाण्याला रंग हवा म्हणून मुलाने कोकमाचं आगळ ओतलं होतं. दिसायला झकास, पण आगळात मीठ असतं, ते पाण्याहून जड, त्यामुळे आकडा कमी दाखवतं. चिमूटभर कुंकू पुरे.

पातेरा पंख्यातूनच जाऊ द्यायचा, की आधी पिंपात पाडायचा?

दोन घराणी आहेत. पहिल्यात पानं पात्यांवर आपटून चुरा होतात आणि मागच्या पिशवीत जातात. तीन पिशव्यांचा पातेरा एका पिशवीत मावतो, खतही लवकर होतं. दुसऱ्यात ब्लोअर पिंपाच्या मागे असतो. पानं पिंपात पडतात, पंख्याकडे फक्त हवा जाते.

मी पहिल्याने सुरुवात केली आणि एका महिन्यात दुसऱ्यावर आलो. आमच्याकडच्या पातेऱ्यात नुसती पानं नसतातच. काजूच्या बिया, सुपाऱ्या, चिऱ्याचे खडे, करवंटीचे तुकडे, एकदा तर आईचा हरवलेला आडकित्ता. सुपारी पात्यावर आदळली की बंदुकीसारखा आवाज येतो. आडकित्त्याने एक पातं वाकवलं, चाक थरथरायला लागलं आणि चौकटीचा एक नट उडाला. तेव्हा मोटर नव्हती गेली हेच नशीब. तुमच्याकडे हिरवळीचं अंगण आणि वर फक्त आंबा असेल तर पहिलं घराणं खुशाल धरा.

पिंप २०० लिटरचं, निळं, प्लास्टिकचं. पाइप झाकणातून सरळ खाली सोडू नका, पिंपाच्या कडेने तिरका आत घाला, म्हणजे हवा आत गोल फिरते आणि पानं भिंतीला घासत खाली बसतात. पाइपात २० मीटरने धावणारी हवा पिंपात मोकळी झाली की दीड मीटरवर येते, पानांना खाली पडायला तेवढं पुरतं. झाकणाच्या मधल्या बाहेरच्या वाटेवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी टोपीसारखी लावली आहे. तीवर पानं चिकटतात, दर दुसऱ्या पिंपाला हात फिरवायचा.

पिंप चेपत नाही?

जाड प्लास्टिकचं नाही. तेलाच्या पातळ पत्र्याचं चेपतं. झाकणाला बिजागरी-कडी काही लागत नाही. यंत्र चालू असताना हवाच ते तीसेक किलोच्या जोराने दाबून धरते. कडेला फक्त ट्यूबची पट्टी.

चाक घरी बनवता येईल?

वेल्डिंग येत असेल तर येईल, पण तोल काढल्याशिवाय लावू नका. दोन लोखंडी पट्ट्या पाणसळीने समपातळीत, धार वर करून ठेवा, चाक आसासकट त्यावर ठेवा. जड बाजू आपोआप खाली येते. तिथे खूण करून थोडं घासा, पुन्हा ठेवा. कुठेही थांबायला लागलं की तोल जमला. वाकलेलं पातं सरळ केल्यावर मला याला एक अख्खी दुपार लागली.

मोटर उलटी फिरते आहे हे कसं कळणार? हवा तर येते.

हीच फसगत. उलटं फिरलं तरी या ब्लोअरची हवा त्याच वाटेने बाहेर पडते, फक्त दुबळी. शंख ज्या बाजूला रुंद होत जातो त्या दिशेने चाक फिरायला हवं. मी दोन दिवस गळती शोधत होतो आणि दोष दोन वायरींच्या अदलाबदलीचा होता.

खाऱ्या हवेत किती टिकेल?

समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. साध्या लोखंडाला एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. शंख आतून-बाहेरून खरवडून झिंकचा प्रायमर, वर इपॉक्सी रंग. नटबोल्ट स्टीलचे घेताना २०२ प्रतीचे घेऊ नका. ते स्वस्त असतात, पण किनाऱ्यावर तांबूस डाग पडतातच. ३०४ घ्या, जमलं तर ३१६. पावसाळ्यात यंत्र पडवीत, मोटरवर गोणपाट, प्लास्टिक नको. प्लास्टिकखाली घाम धरतो.

वायर साधी चालेल का?

नाही. घरापासून ३० मीटरवर काम करायचं तर अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारी केबल. सुरू होताना मोटर क्षणभर पाचपट वीज ओढते. दीडच्या वायरीत तेवढ्यात ३० व्होल्ट वाटेतच जातात. आमच्याकडे संध्याकाळी दाब मुळातच उतरलेला, मग मोटर नुसती हुंकार देते आणि तापते. सॉकेट १६ अँपिअरचा आणि मागे ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच. यात काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला यंत्र दाखवत नाही. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत होते, अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

ग्रास कटरचं इंजिन लावलं तर?

लावणारे आहेत. वायरीची कटकट नाही, पण वेगाचा मेळ आणि आवाज दोन्ही अवघड. पडून राहिलेलं इंजिन सुरू करायचं असेल तर आधी जुनं पेट्रोल फेका, कार्ब्युरेटर उघडा, त्यातला रबरी पडदा कडक झाला असेल तर बदला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल पितं आणि आमच्या हवेला ओलीची कमी नाही. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं. टू-स्ट्रोक असेल तर तेलाचं प्रमाण पुस्तिकेत बघा. ४० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २५ मिली. बंद पडवीत कधीही चालवू नका, धूर जीव घेतो.

कुठली पानं जातात, कुठली नाहीत?

आंबा, काजू, फणस, सुरंगी सुकी असतील तर सुखाने. सागाचं पान मोठं, पण वाळलेलं चुरगळतं, जातं. झावळी, पोय, पोफळीची विरी यांना हातच लागतात. भिजलेला पातेरा जात नाही. पौषात सकाळी दंव असतं, दहानंतर सुरुवात करा. पावसाळ्यात यंत्राला सुट्टी.

अंगण शेणाने सारवलेलं आहे.

टोक जमिनीपासून चार बोटं वर धरा. माझ्या टोकाला दोन लहान चाकं लावली आहेत. टेकवलंत तर सारवणाचे पोपडे निघतात आणि घरात ऐकून घ्यावं लागतं.

वाडीतला पातेराही ओढता का?

अजिबात नाही. कलमांच्या बुंध्याशी पडलेला पातेरा म्हणजे फुकटचं आच्छादन. मार्च-एप्रिलच्या उन्हात मुळांची ओल तोच राखतो. वणव्याची भीती असेल तर बांधाच्या कडेने पट्टा साफ करा, वाडी खरवडू नका. मला यंत्र मिळाल्यावर पहिल्या उत्साहात मीही आगरात शिरलो होतो. शेजारचे आबा गडग्यावरून म्हणाले, "अरे, झाडाच्या अंगावरचं पांघरूण ओढतोस की काय?" तिथून परत फिरलो.

विंचू, साप?

यंत्राचा खरा फायदा इथे आहे. ढिगात हात घालावा लागत नाही. फुरसं पातेऱ्याच्याच रंगाचं, दिसत नाही. तरी चिऱ्यांच्या ढिगात पाइप खुपसायचा नाही आणि पिंप ओतताना हाताने उपसायचं नाही, आडवं करून काठीने. पायात बूट. काही चावलंच तर मांत्रिक नाही, थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस तिथे असते. विंचवालाही हलकं घेऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ करण्याआधी आपल्याकडे लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती. बेडूक मात्र दोनदा ओढले गेले. दोन्ही पिंपातून उड्या मारत बाहेर आले.

गोळा केलेल्याचं काय करता?

पूर्वी भाताच्या रोपासाठी राब भाजायला जायचा. आता आमची शेती तेवढी नाही आणि अंगणात जाळायचं आम्ही थांबवलं. आंब्या-काजूची पानं कातडीसारखी, एकटी कुजायला वर्ष घेतात. चिऱ्यांचा चौकोन रचून वीतभर पातेरा, वर शेणकाला, वर गिरिपुष्पाचा कोवळा पाला, असे थर. ओलावा मुठीत दाबल्यावर थेंब न पडण्याइतका. मधूनमधून उलथलं तर पाच-सहा महिन्यांत जूनच्या लागवडीला मिळतं.

खर्च किती आला?

ब्लोअर, बेअरिंग, कपॅसिटर, पाइप, केबल, रंग धरून नऊ हजारांच्या आसपास. त्यातला मोठा वाटा केबलचा आणि सहा इंची पाइपाचा. ११० चा वाया गेलेला पाइप आता पन्हळीला लावला आहे.

बघायला येऊ का?

या, पण दुपारी दोन ते चार सोडून. त्या वेळी आबा झोपतात, आणि यंत्राचा आवाज त्यांच्या खिडकीशीच जातो. येताना कानात घालायला बोळे आणा, माझ्याकडे एकच जोडी आहे.